कापडाचे आभाळ

आमच्या घरात नानीचा एकच फोटो आहे. तो मी काढला आहे, आणि तो बिघडलेला आहे.

मी तेव्हा नववीत होतो. ईदच्या दिवशी मामूंनी मित्राकडून कॅमेरा आणला होता. त्या काळी कॅमेऱ्यात फिल्मचा रोल घालावा लागे. एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघत. मामू म्हणाले, "तू एकच काढ. रोल महाग आहे." नानी फोटोसाठी सहज तयार होत नसे. त्या दिवशी मात्र माझ्या हट्टापुढे तिचे काही चालले नाही. तिने डोक्यावरची ओढणी नीट केली आणि ती भिंतीला टेकून बसली. खोलीत उजेड कमी होता. मी फ्लॅश सुरू केला आणि बटण दाबले.

रोल संपायला आणि धुऊन यायला दीड महिना लागला. फोटो हातात आला तेव्हा मी गप्प झालो. नानीचा चेहरा चुना लावलेल्या भिंतीसारखा पांढराफटक दिसत होता. तिच्या मागे भिंतीवर काळीकुट्ट सावली पडली होती. जणू नानीच्या मागे आणखी कोणी लपून बसले होते! तिच्या सुरकुत्या, हसताना गालाला पडणारी खळी, यांतले काहीच फोटोत आले नव्हते. मी म्हणालो, "पुढच्या ईदला चांगला काढू." पुढच्या ईदला नानी नव्हती.

कितीतरी वर्षे मला वाटे, की कॅमेरा साधा होता म्हणून असे झाले. पण ते खरे नव्हते. त्याच कॅमेऱ्याने मामूंनी अंगणात काढलेले फोटो सुंदर आले होते. दोष उजेडाचा होता. चांगला उजेड विकत घ्यावा लागत नाही, तो घरच्या घरी तयार करता येतो, हे मला फार उशिरा कळले. तुम्हांला ते आताच कळावे, म्हणून सांगतो.

उर्दूत आपण ज्याला 'साया' म्हणतो, तिला मराठीत 'सावली' म्हणतात. उजेड कसा आहे हे ओळखायचे असेल, तर दिव्याकडे पाहू नका, सावलीकडे पाहा. दुपारच्या उन्हात जमिनीपासून एक वीत उंचीवर हात धरा. बोटांची सावली ठळक दिसेल. तिची कड सुरीने कापल्यासारखी असेल. आता आभाळ पूर्ण भरून आलेले असेल, अशा दिवशी तोच प्रयोग करा. सावली शोधावी लागेल. कडा तर मुळीच दिसणार नाहीत.

दोन्ही दिवशी सूर्य तोच होता. मग फरक कशामुळे पडला?

सूर्य प्रचंड मोठा आहे. त्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे. पण तो आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्यामुळे तो आपल्याला किती मोठा दिसतो? एक सेंटीमीटरचा मणी एक मीटरपेक्षा थोड्या जास्त अंतरावर धरला तर जेवढा दिसेल, तेवढाच. म्हणजे उन्हात आपल्यावर एका मण्याएवढ्या दिव्यातून उजेड येतो. ढगाळ दिवशी मात्र तोच उजेड ढगांतून सगळीकडे पसरतो. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे आभाळच दिवा होते.

हे नीट समजण्यासाठी आपण एका जुन्या संशोधकाकडे जाऊ. त्यांचे नाव इब्न अल-हैसम. त्यांचा जन्म इ. स. ९६५ च्या सुमारास बसरा शहरात झाला. आयुष्याचा पुढचा बराच काळ त्यांनी काहिरा येथे घालवला. प्रकाश आणि दृष्टी यांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ म्हणजे 'किताब अल-मनाज़िर'. 'मंज़र' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. 'मनाज़िर' हे त्याचेच अनेकवचन.

त्यांनी केलेला एक प्रयोग फार सोपा आहे. एका अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला लहानसे छिद्र होते. छिद्रासमोर, खोलीच्या बाहेर, त्यांनी वेगवेगळ्या जागी अनेक दिवे ठेवले. सगळ्या दिव्यांचा उजेड त्या एकाच छिद्रातून आत आला. पण आतल्या भिंतीवर तो एकमेकांत मिसळला नाही. जितके दिवे, तितके उजेडाचे वेगळे ठिपके पडले. एक दिवा झाकला, की त्याचा तेवढा ठिपका नाहीसा होई. बाकीचे तसेच राहत. यावरून दोन गोष्टी दिसल्या. प्रकाश सरळ रेषेत जातो. आणि प्रत्येक दिव्याचा उजेड दुसऱ्याला न अडवता आपल्या वाटेने जातो.

अंधाऱ्या खोलीवरून एक गंमत आठवली. 'कॅमेरा' हा शब्द मूळचा लॅटिन आहे आणि त्याचा संबंध खोलीशीच आहे. तोच शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे येऊन 'कमरा' झाला. म्हणजे तुमच्या घरातला कमरा आणि तुमच्या हातातला कॅमेरा हे एकमेकांचे नातेवाईक आहेत!

आता आपल्या प्रयोगाकडे वळू. रात्री भिंतीपाशी एक पेन्सिल उभी करा आणि समोर एकच बल्ब लावा. पेन्सिलीची एक काळी सावली पडेल. शेजारी तसाच दुसरा बल्ब लावा. आता दोन सावल्या पडतील, पण दोन्ही थोड्या फिक्या असतील. कारण पहिल्या बल्बची सावली जिथे पडते, तिथे दुसऱ्या बल्बचा उजेड पोहोचतो. चार बल्ब लावले तर चार सावल्या, आणखी फिक्या. शंभर बल्ब शेजारी शेजारी लावले तर? शंभर सावल्या एकमेकींवर पडतील आणि त्यांच्या कडा विरघळून जातील. उजेड मिळालेले मोठे पांढरे कापड म्हणजे असे हजारो बल्बच आहेत. कापडाचा प्रत्येक बिंदू एक छोटा दिवा होतो.

म्हणून लक्षात ठेवायची गोष्ट ही, की ज्याचा फोटो काढायचा त्याच्या जागेवरून दिवा जितका मोठा दिसेल, तितकी सावली मऊ पडते. दिवा किती 'वॅट'चा आहे, याचा सावलीच्या मऊपणाशी संबंध नाही. पाचशे वॅटचा हॅलोजन दिवा असला तरी लांबून तो ठिपक्याएवढाच दिसतो. लग्नाच्या मांडवात त्याच्या झोतात सगळे पाहुणे डोळे मिचकावत उभे असतात आणि प्रत्येकाच्या नाकाखाली सावलीची मिशी उगवते, ती यामुळेच.

माझ्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची काच आगपेटीपेक्षाही लहान होती. नानीला समोरून दिसणारा दिवा तेवढाच. शिवाय तो कॅमेऱ्याला चिकटलेला. त्यामुळे उजेड थेट समोरून आदळला, सुरकुत्यांच्या बारीक सावल्या पुसल्या गेल्या आणि पाठीमागे भिंतीवर एकच कठोर सावली पडली. आजच्या मोबाइलचा फ्लॅश तर वाटाण्याएवढा असतो. काही जण त्यावर पातळ कागदाचा तुकडा चिकटवतात आणि उजेड मऊ झाला असे समजतात. तो फक्त मंद होतो. कागद वाटाण्याएवढाच उजळणार असेल, तर दिवा मोठा कुठे झाला? कागद चिकटवायचाच असेल, तर तो दिव्यापासून दूर आणि चांगला मोठा हवा.

दिवा मोठा करण्याची ही युक्ती आपल्या देशातल्या एका तरुणाने फार मोठ्या प्रमाणावर वापरली. त्यांचे नाव सुब्रत मित्र. त्यांचा जन्म १९३० चा. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वार बंगालमध्ये 'द रिव्हर' या चित्रपटाचे चित्रण करत होते, तेव्हा मित्र ते पाहायला जात. दिवे कुठे ठेवले, कॅमेरा कुठे ठेवला, याची चित्रे काढून ते वहीत टिपणे करत. पुढे १९५२ मध्ये सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'चे काम सुरू केले आणि कॅमेरा मित्रांच्या हाती दिला. तोपर्यंत त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा कधी चालवलेला नव्हता!

खरी अडचण आली ती पुढच्या, म्हणजे १९५६ च्या 'अपराजितो' या चित्रपटाच्या वेळी. त्यात वाराणसीतले एक जुने घर दाखवायचे होते. अशा घरांच्या मध्यभागी चौक असतो आणि त्यावर उघडे आभाळ असते. वरून येणारा मंद उजेड सगळीकडे सारखा पसरतो. कोणाचीही सावली ठळक पडत नाही. आपल्याकडचे जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो उजेड चटकन आठवेल. हे घर मोकळ्या जागेत उभारायचे असे आधी ठरले होते. पण पावसाच्या भीतीने कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांना ते कलकत्त्याच्या स्टुडिओत, छपराखाली उभारावे लागले. मित्रांना ते पसंत नव्हते. बंद छपराखाली आभाळाचा उजेड कुठून आणायचा? स्टुडिओतले मोठे दिवे लावले तर प्रत्येकाच्या दोन-दोन, तीन-तीन सावल्या पडणार आणि घर खोटे आहे, हे प्रेक्षकाला लगेच कळणार.

मग त्यांनी एक आभाळच तयार केले. चौकाच्या वर चौकटीत ताणलेले पांढरे कापड लावले. दिवे कापडाच्या खाली ठेवले, पण त्यांची तोंडे नटांकडे न करता वर, कापडाकडे केली. उजेड कापडावर आदळून खाली परतला. कापड आभाळ झाले. चित्रपट पाहताना तो चौक स्टुडिओत आहे, हे ओळखता येत नाही. १९५७ मध्ये 'अपराजितो'ला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार, 'सुवर्ण सिंह' मिळाला. मित्र २००१ मध्ये वारले. उजेड असा परतवून वापरण्याची पद्धत आज जगभर रूढ आहे.

साधने नसली तर ती बनवायची, ही हिंमत आपल्या महाराष्ट्रातही आहे. मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी थोड्या पैशांत स्वतःचे चित्रपट काढले. कॅमेरा धावता ठेवायला त्यांनी सायकल घेतली आणि तो उंच उचलायला बैलगाडी. फैज़ा अहमद ख़ान यांनी त्यांच्यावर २००८ मध्ये माहितीपट केला. यंत्रमागावर काम करणारे हे लोक पडद्यावर पाहताना हसूही येते आणि अभिमानही वाटतो.

आपल्याला बैलगाडीची गरज नाही. बांबूच्या चार काठ्या पुरेत. दोन काठ्या सव्वा मीटरच्या आणि दोन एक मीटरच्या घ्या. त्यांचे टोकांशी टोक जुळवून सुतळीने चौकट बांधा. नुसती चौकट तिरपी होते, म्हणून दोन कोपऱ्यांत लहान काठी आडवी बांधून त्रिकोण करा. मग ती हलत नाही. चौकटीवर पांढरे सुती कापड ताणून शिवा किंवा टाचण्यांनी लावा. जुनी चादर चालेल. मलमल मिळाली तर उत्तम. चौकट उभी ठेवायला दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा आणि तिला त्यांना बांधून टाका.

कापडाच्या मागे एलईडी बल्ब लावा. बारा वॅटचे दोन असले तर चांगले. इथे बहुतेकांची चूक होते. ते बल्ब कापडाला अगदी लागून ठेवतात. मग कापडाच्या मध्यभागी एक झगझगीत ठिपका दिसतो आणि कडा काळ्या राहतात. तसे झाले, की दिवा पुन्हा ठिपक्याएवढाच झाला. एवढी खटपट वाया! बल्ब दोन हात मागे न्या. सगळे कापड सारखे उजळले, की थांबा.

हॅलोजन दिवा किंवा मेणबत्ती कापडामागे कधीही ठेवू नका. हॅलोजन इतका तापतो, की जवळचे कापड पेट घेऊ शकते. एलईडी बल्ब कमी तापतो, तरी तोही कापडाला टेकू देऊ नका. वायर उघडी असेल, होल्डर सैल असेल, तर स्वतः दुरुस्त करायला जाऊ नका. वायरमनला बोलवा. ओल्या हाताने किंवा ओल्या फरशीवर हे काम करायचे नाही. फोटो राहिला तरी चालेल.

ज्याचा फोटो काढायचा, त्याला चौकटीपासून सुमारे एक मीटरवर बसवा. चौकट अगदी समोर नको, थोडी बाजूला आणि डोक्याहून किंचित उंच हवी. भिंतीला टेकवून बसवू नका, भिंत निदान दोन मीटर मागे राहू द्या. आता त्या माणसाच्या डोळ्यांत पाहा. बुबुळात एक लहानशी पांढरी खिडकी चमकताना दिसेल. ती तुमच्या चौकटीचे प्रतिबिंब आहे. ती दिसली, की उजेड डोळ्यांपर्यंत पोहोचला आहे असे समजा. मग चौकट जवळ-दूर करून पाहा. जवळ आणली तर कापड मोठे दिसते आणि सावल्या मऊ होतात. दूर, खोलीच्या पलीकडच्या टोकाला नेली, तर तेच कापड लहान दिसते, उजेड कमी होतो आणि सावल्या पुन्हा टोकदार होऊ लागतात.

कापड बराच उजेड खाऊन टाकते. म्हणून फोटोला वेळ जास्त लागतो आणि हात हलला तर चित्र पुसट येते. मोबाइल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवा आणि टायमर लावा.

चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळी वाटली, तर तिकडे पांढरा पुठ्ठा धरा. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि त्यावर जुन्या कॅलेंडरचे कोरे पाठपान चिकटवा. झाला परावर्तक! उलट्या बाजूला स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियमचा कागद आधी चुरगाळून, मग पसरून चिकटवता येतो. गुळगुळीत कागद आरशासारखा एकाच जागी कवडसा टाकतो. चुरगाळलेला कागद तोच उजेड विखरून देतो. तरीही माझे मत विचाराल, तर चेहऱ्यासाठी पांढरी बाजूच बरी.

वीज गेली तर काय करायचे? खिडकी आहे ना! ऊन थेट आत येत असेल, तर खिडकीवर पांढरी चादर लावा. ढगाळ दिवशी तीही नको. खिडकीच्या बाजूला माणूस, समोर पांढरा पुठ्ठा, एवढ्यावर काम होते. खरे सांगायचे तर चांगल्या खिडकीच्या तोडीचा दिवा मी अजून पाहिलेला नाही.

माझी पहिली चौकट मात्र फसली होती. आमचे गाव यंत्रमागांचे. मागावरून नुकतेच उतरलेले कोरे कापड मला फुकट मिळाले. ते मी तसेच ताणले. फोटोत सगळे जण काविळीचे रुग्ण दिसू लागले! कोरे कापड डोळ्यांना पांढरे वाटते, पण ते पिवळसर असते. त्यातून येणारा उजेडही पिवळा होतो. रंगीत भिंतीचेही तसेच आहे. हिरव्या भिंतीजवळ बसवलेल्या माणसाच्या गालावर हिरवी झाक येते. बल्बही एकाच प्रकारचे घ्या. एक पिवळसर आणि एक पांढरा असे मिसळू नका. खोक्यावर 'केल्विन'चा आकडा छापलेला असतो. तो दोन्ही बल्बांवर सारखा आहे ना, एवढे पाहा.

चौकटीचा सगळ्यांत जास्त उपयोग मला जुन्या फोटोंसाठी झाला. घरोघरी जुने फोटो पिवळे पडत चालले आहेत, त्यांना बुरशी लागत आहे. त्यांचा मोबाइलने फोटो काढायला गेलो, की कागदावर दिव्याची चकाकी दिसते. त्यावर उपाय असा. फोटो टेबलावर सपाट ठेवा. दोन सारखे दिवे दोन बाजूंना, सारख्या अंतरावर आणि तिरपे ठेवा. तिरकसपणा सुमारे ४५ अंश असावा. उजेड ज्या कोनात येतो, त्याच कोनात पलीकडे परततो. म्हणून चकाकी दोन्ही बाजूंना निघून जाते आणि बरोबर वर धरलेल्या कॅमेऱ्यात शिरत नाही. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा आणि अंगात गडद कपडे घाला, नाहीतर तुमचा पांढरा कुर्ताच फोटोवर उमटेल.

अशाच दोन दिव्यांखाली मी नानीच्या फोटोची नक्कल करून घेतली. मूळ फोटोच्या एका कोपऱ्याला वाळवी लागली होती. नक्कल स्वच्छ आली. चेहरा पांढराफटकच आहे आणि भिंतीवरची सावलीही जशीच्या तशी आहे. जो उजेड त्या दिवशी पडला, तो आता बदलता येत नाही.

गेल्या थंडीत नानीची धाकटी बहीण आमच्याकडे आली होती. तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे. तीही फोटोला नको म्हणत होती. अम्मीने तिला चहा दिला आणि दोघी जुन्या गोष्टी बोलत बसल्या. मी चौकट तिच्या डाव्या बाजूला आणली, उजवीकडे कॅलेंडरचा पुठ्ठा उभा केला आणि मोबाइल पुस्तकांवर ठेवला. फ्लॅश नव्हता, त्यामुळे तिला काही कळलेच नाही. कुठल्या तरी जुन्या लग्नाची गोष्ट सांगताना ती हसली आणि तिच्या गालाला खळी पडली. नानीसारखीच. मी बटण दाबले.

थोड्या वेळाने तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "अरे, तू फोटो काढणार होतास ना? काढ मग, मला नमाज़ला उठायचे आहे."